व्हिसासाठी घेतलेली घोडी

आमच्या सारंगखेड्यात घोडी घेणाऱ्यांची कमी नाही. कोणी लग्नात नाचवायला घेतो, कोणी शर्यतीला, कोणी नुसती दारात शोभते म्हणून. हिरामण अप्पांनी घोडी घेतली ती युरोपला जाण्यासाठी. तिच्यावर बसून नव्हे. तो विनोद गावाने केव्हाच करून संपवला आहे. घोडी त्यांच्या व्हिसाच्या फाईलमध्ये लावलेली आहे. रंगीत फोटो, खाली इंग्रजीत चार ओळी, वर नोटरीचा शिक्का. फोटो मीच काढला, म्हणून खात्रीने सांगतो.

बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. नुसत्या फोटोंवर आता कोणाचं पोट भरत नाही, म्हणून झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन अर्ज हेही करतो. अप्पा माझे शेजारी, त्यामुळे त्यांच्या सगळ्या उपक्रमांचा पहिला बळी मी असतो.

अप्पांची एकुलती एक मुलगी वर्षा लग्नानंतर नवऱ्याबरोबर युरोपातल्या एका देशात राहायला गेली. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण अप्पांची सक्त ताकीद आहे. "नाव लिखू नको, भो. तठला साहेबलोक वाचतीन." तिथले साहेबलोक कामधाम सोडून सारंगखेड्याच्या माणसाचं मराठी वाचत बसतात, हे मला नवीनच होतं. असो. तर वर्षाला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. तिथल्या डॉक्टरांनी तिला विमानप्रवास करू नको म्हणून सांगितलेलं, आणि माहेर म्हणावं तर तिची आई, शेवंताकाकू, दोन वर्षांपूर्वी वारल्या. राहिले अप्पा. अप्पांनी माझ्या दुकानात येऊन जाहीर केलं, "पोरले माहेरले येता येस नई, ते माहेर पोरकडे जाई."

माहेर म्हणजे ते स्वतः. ज्या माणसाने जन्मात चहापलीकडे काही शिजवलं नाही, तो सातासमुद्रापार बाळंतपण करायला निघाला.

जावयाने कागदपत्रांची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली आणि अप्पांच्या आयुष्याला पुन्हा धार आली. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी हवी, आत दोन पानं कोरी हवीत, असा नियम. अप्पांचा पासपोर्ट नवा, अथपासून इतिपर्यंत कोरा. याचाही त्यांना अभिमान. "त्या दोन मांगतस, मी अख्खं पुस्तक कोरं देस."

फोटोचं प्रकरण अवघड गेलं. चेहरा सरळ, मागे पांढरं, कान दिसलेले, डोक्यावर काही नाही आणि चेहऱ्यावर भाव नाही. अप्पांना टोपीशिवाय मी तरी कधी पाहिलं नव्हतं. टोपी काढली तर खालचा चेहरा उन्हाने काळा आणि वरचं कपाळ दुधासारखं, जणू दोन माणसांचे फोटो जोडले आहेत. आणि कॅमेरा दिसला की अप्पा हसायचे, कारण फोटोत हसायचं असतं हे मीच त्यांना इतकी वर्षं शिकवलेलं. मग भाव घालवण्याचा सराव सुरू झाला. एका लग्नात ते जेवणाच्या पंगतीत असा दगडी चेहरा करून बसले, की मुलीचा बाप दोनदा येऊन विचारून गेला, काही कमी पडलं का.

त्या काळात अप्पांनी गावात व्हिसाचं ज्ञान फुकट वाटायला सुरुवात केली. सुरतेला निघालेल्या माणसाला अडवून ते विचारत, तठे ऱ्हावानी सोय काय, त्याना पुरावा काय, आणि विमा काढा का? विम्यावर तर त्यांचं विशेष प्रेम. परदेशात आजारी पडलात तर उपचार, आणि मेलात तर प्रेत मायदेशी पाठवण्याचा खर्च, दोन्ही विम्यात हवंच. अप्पा हे कलम सगळ्यांना वाचून दाखवायचे. "जित्ता माणूस पाठावाले इतली कटकट. मरेल माणूसनं सगळं त्याच करतस." हे ऐकून सुरतेला निघालेला माणूस पुढची गाडी पकडायचा.

खरी अडचण उत्पन्नाची. शेतीला आयकर नाही, म्हणून अप्पांनी कधी रिटर्न भरलेला नाही. रिटर्न नाही, म्हणून उत्पन्नाचा पुरावा नाही. जन्मभर केळी आणि पपई पिकवलेला माणूस कागदोपत्री हवा खाऊन जगत होता. सातबारा होता, पण त्यावर मयत काका, सुरतेला स्थायिक झालेले चुलतभाऊ आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी सगळी भाऊबंदकी दाटीवाटीने नांदत होती. शहाद्याच्या वकिलाने त्याचं इंग्रजी करून दिलं. ते वाचून युरोपातल्या साहेबाला जमिनीचा मालक कळला असेल, तर तो तलाठी व्हायच्या लायकीचा आहे.

आणि मग यादीतली ती ओळ आली. मुदत संपल्यावर तुम्ही आपल्या देशात परत जाल, याचा पुरावा द्या. जावयाने फोनवर समजावलं, नोकरी, जमीन, कुटुंब, म्हणजे माणसाला परत खेचून आणेल असं काहीही चालतं. अप्पांना नोकरी नाही. जमीन बटाईने दिलेली. कुटुंब म्हणजे वर्षा, आणि ती तिकडे. अप्पा दोन दिवस दुकानात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी दत्ताच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून एका घोडीचा लगाम धरून थेट माझ्या दारात.

"हाई काय, अप्पा?"

"पुरावा शे. घरले कुलूप लागस. वावर बटाईले जास. जनावरले कुलूप लावता येस का? दावणीले मुकं जनावर ऱ्हायनं ते माणूस कोठेबी ऱ्हावो, परत येस."

यात खोट काढायला जागा नव्हती, हे मला मान्य करावं लागलं. फक्त घोडी पाहिल्यावर माझी खात्री डळमळली. वय झालेलं, खालचा ओठ लोंबलेला, आणि नजर अशी की समोरच्याने काही तरी उधार ठेवलं आहे. ही दारात असेल तर माणूस परत येण्याऐवजी लवकर निघेल, असं मला वाटलं. फोटो काढताना तिने माझ्या लाइटच्या छत्रीचा कोपरा चावून टाकला.

"तुम्ही गया की हिले कोण दखी?" मी विचारलं.

"कोनीच नई."

"मंग ती उपाशी मरी."

"तेच ते त्यास्ले समजाडानं शे."

"आन् खरंखुरं?"

"खरंखुरं तू शे ना. पन ते कागदवर लिखानं नई."

अशा रीतीने, मला न विचारता, मी त्या घोडीचा पालक झालो.

मुंबईला अर्ज द्यायला मीही बरोबर गेलो. खिडकीत एक मुलगी होती, बिचारी मराठी बोलणारी. तिने विचारलं, "काका, प्रवासाचा उद्देश काय? टुरिझम की फॅमिली व्हिजिट?"

अप्पा कचेरीत गेले की शाळेतली मराठी बोलतात. म्हणाले, "बाळंतपण."

"कोणाचं?"

"मुलीचं. मी करायला जातो आहे."

"म्हणजे मेडिकल?"

"नाही. माहेर."

माहेराला त्या अर्जात रकाना नव्हता. फॅमिली व्हिजिट म्हणा, असं तिने परोपरीने सांगितलं. अप्पांचं म्हणणं एकच, भेटायला पाहुणे जातात, मी पाहुणा नाही. शेवटी मागे रांग खोळंबली, तेव्हा मीच त्यांना पाहुणा करून टाकलं. मग बोटांचे ठसे. कुदळ-फावडं धरून बोटांच्या रेघा पार झिजलेल्या, यंत्र घेईना. अप्पा आधीपासून हाताला खोबरेल चोळत होते, ते यंत्राच्या काचेवर उमटलं, रेघा काही उमटल्या नाहीत. ती मुलगी काच पुसायची, अप्पा पुन्हा बोट टेकवायचे. पुष्कळ वेळाने कुठे यंत्राला अप्पांची दया आली.

गावी आल्यावर लाडू सुरू झाले. डिंकाचे. पण तिकडे बाहेरून दुधातुपाचं काही नेता येत नाही, असं जावयाने कळवलेलं. अप्पांनी लाडू शेंगदाण्याच्या तेलात वळले आणि चाखायला मला बोलावलं. मी एक खाल्ला. बाळंतिणीसाठी तिकडच्या सरकारने काही तरी विचार करूनच नियम केले असतील, एवढंच मी म्हणालो. अप्पांनी दुसऱ्या दिवशी गूळ वाढवला.

लाडवांबरोबर घराची आवराआवरही चालली होती. शेवंताकाकूंची शिलाई मशीन भाचीला गेली. वर्तमानपत्र बंद झालं. मोठं पातेलं, लोखंडी कपाट, काकू ज्यावर बसून गहू निवडायच्या तो पाट, सगळं कोणाकोणाला वाटून झालं. विमानात वजनाची मर्यादा असते हे खरं, पण घर काही विमानातून जाणार नाही, असा टोमणा मी मारला. अप्पा नुसते हसले. घोडी मात्र ठेवली.

पाकीट माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आलं, कारण कुरिअरवाल्याला अप्पांची गल्ली सापडत नाही. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघंच. फोडलं. आत पासपोर्ट, आणि एका छापील कागदावर एका चौकोनात खूण. मी वाचून सांगितलं. मुदत संपल्यावर तुम्ही तो देश सोडाल, याबद्दल त्यांना रास्त शंका आहे. म्हणून व्हिसा नाही.

माझं डोकं फिरलं. खरं तर हा सगळा खटाटोप मला सुरुवातीपासून हास्यास्पद वाटत होता, पण त्याला हसायचा हक्क आमचा. त्या लांबच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय ठाऊक? नंदुरबारच्या दवाखान्यात रात्री थांबायचं म्हटलं तरी ज्याचा जीव वर-खाली होतो, तो माणूस तुमच्या बर्फात कशाला मुक्काम ठोकेल? काय करणार तिथे राहून, केळी लावणार? मी असं बरंच बोललो. अप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "ती वळ परत वाच."

मी वाचली.

"चूक नई त्यास्नी," अप्पा म्हणाले. "त्या साहेबनी माले बरोबर वळखं."

"म्हणजे?"

"मन्हा परत येवाना इचार नव्हता, संजू."

मला वाटलं, थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"पोरना लेकरूले खेळाडत ऱ्हासू, म्हनं. मुदत सरनी ते सरनी. पोर काय बापले हाकलस? आठे मन्हं काय शे? तू म्हनस, घोडी. ती ते मी इकत आनी." त्यांनी टोपीची घडी पुन्हा घातली. मग म्हणाले, "तो फारम माले आवडना, खरं सांगू. तुम्ही कोन, कोठे ऱ्हातस, कोनकडे जातस, कवय परत येशात. शेवंता गई तैपासून माले इतलं कोनीच इचारं नव्हतं."

मी गल्ल्याच्या या बाजूला बसलेलो. आठ पावलांवर, मागच्या गल्लीत, यांचं घर. रोज सकाळी हा माणूस माझ्या दुकानात येऊन बसत होता आणि मी त्याची गंमत बघत होतो. मला फार वाईट वाटलं. मी पासपोर्ट पुसून पुन्हा पाकिटात घातला.

दारात झेरॉक्ससाठी एक गिऱ्हाईक आलं. त्याला मी मशीन बंद आहे म्हणून सांगितलं आणि घालवलं.

"परत अर्ज करसूत," मी म्हणालो. "अजून येळ शे. वर्षा वाट दखी ऱ्हायनी."

"वर्षाकरता जावाले ते पाहिजेच." अप्पांनी मान हलवली. "पन मंग त्या परत तेच इचारतीन. येशात का नई. काय सांगू?"

"येसू, असं सांगा."

"खोटं बोलू?"

"खोटं कसाले, अप्पा?" मी म्हणालो. "परत या."