पाच मजली आभाळ

आमच्या दोन पराती भरून कुरडया भिजल्या, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. एप्रिलमधल्या त्या दुपारी सुनंदाने विचारलं, "अहो, गच्चीवर वाळत घालू का?" मी पश्चिमेला नजर टाकली. तिथे माथ्याला ऐरणीसारखा आकार आलेला एक देखणा ढग उभा होता. मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "घाल. नुसता शोभेचा आहे."

ढगाला ऐरण दिसली की पळायचं, हे बिराजदार गुरुजींनी मला दहादा सांगितलं होतं. माझ्या लक्षात फक्त ऐरण राहिली.

गुरुजी म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. नांदेडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत एकटेच राहतात. मान कायम वर. भाजीवाल्याशीही आभाळाकडे बघत बोलतात, त्यामुळे त्यांची वांगी हमखास किडकी निघतात. आभाळाला पाच मजले असतात म्हणत वातावरणाचे थर त्यांनी बिल्डिंगलाच लावून टाकलेत. तळमजला तपांबर. "समदी भानगड तपांबरातच, राव! वारं, धूळ, ढग अन् बायकांची भिशी!" पहिला मजला स्थितांबर, कारण तिथे कधी काही घडतच नाही. दुसऱ्यावर आम्ही, म्हणजे मध्यांबर. "सगळ्यात गारठलेला थर. तुमच्याकडं बघूनच कळतंय."

पण पाच वर्षांत या माणसाने आमचा उंबरा ओलांडला नाही. जिना तर ते पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा उतरतात. सत्यनारायणाचा प्रसाददेखील दारातूनच घेतला. सुनंदा धुसफुसायची, "आपल्या घरचं पाणी चालत नसेल मास्तरांना." मलाही पक्कं वाटायचं, माणूस घमेंडी आहे.

तासाभरात अंधारून आलं. वरून गुरुजींची आरोळी आली, "वहिनी, कुरडया!" मी धावत वर गेलो तर गारा सुरू झालेल्या. गुरुजींनी स्वतःचं धोतर कुरडयांवर पांघरलं होतं आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर ते त्याची टोकं धरून बसले होते. तेवढ्यात वाऱ्याने त्यांच्या खोलीचा पत्रा उचलला आणि शेजारच्या कडुलिंबावर नेऊन टाकला. मी हबकलो. त्यांच्या मनगटाला धरून ओढत खाली आणलं आणि थेट आमच्या हॉलमध्ये ढकललं.

खरा धक्का तिथे बसला. गारांत उघड्या डोक्याने बसणारा माणूस आमच्या पंख्याखाली लटलट कापत होता. त्यांची नजर आमच्या स्लॅबला चिकटली होती. ते मागे सरकत दारापर्यंत गेले आणि त्यांनी चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"राव, भाईर सोडा मला. हात जोडतो."

सुनंदा टॉवेल घेऊन पुढे आली. "काय झालं, गुरुजी?"

"किल्लारीजवळचं गाव आमचं, वहिनी. त्र्याण्णवला मी मुदखेडला नोकरीला होतो. बायको अन् लेक घरी. दगडी घर, वर हातभर मातीचं माळवद. भूकंपाचं कळल्यावर गेलो, तर घराच्या जागी नुसतं आभाळ." मग खिडकीतल्या आभाळाकडे मान करून म्हणाले, "वर पाच मजले हाईत. पण एकबी अंगावर येत न्हाई."

मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हणालो, "पण गारा लागतात की, गुरुजी!"

त्यांनी डोक्यावरचं टेंगूळ चाचपलं. "लागतात. गारंनं टेंगूळ येतं, राव. माणूस न्हाई जात."

पाऊस उघडल्यावर ते वर गेले. छप्पर नसलेल्या खोलीत, ओल्या खाटेवर, मान वर करून निवांत बसले. तितकं निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघं परातीतल्या लगद्याकडे बघत बसलो. सुनंदा म्हणाली, "उद्यापासून जेवायला आपण गच्चीवर. त्यांच्या पंगतीला. तुम्ही फक्त सतरंजी न्या. आभाळ कसंय, ते मी गुरुजींना विचारीन."