उसव म्हणणारी बायाक्का

नवं लुगडं नेसून बायाक्कासमोर जायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. जगाची रीत काय? नवं कापड दिसलं की चार शब्द गोड बोलावेत, कुठनं घेतलं, केवढ्याला पडलं ते विचारावं. बायाक्का पदराचं टोक चिमटीत धरायची, अंगठ्यानं चोळायची, उजेडाकडं करून बघायची आणि विचारायची, "कवा फाटंल गं हे?"

मला तर पहिल्याच दिवशी विचारलं. मी निपाणीची. लग्न होऊन सांबऱ्याला आले, माप ओलांडून धड टेकलेही नव्हते, तोवर ही कोण बाई पुढं आली, माझ्या हिरव्या इरकलीचा काठ चाचपला आणि म्हणाली, "दोन वर्सं जाईल. फाटलं की मला दे हां, दुसऱ्या कुणाला दिऊ नगंस." मला रडूच कोसळलं. सासूबाई म्हणाल्या, "मनावर घेऊ नको गं. शेजारची बायाक्का ती. वाकळा शिवती."

वाकळ म्हणजे जुनी लुगडी, धोतरं थरावर थर टाकून शिवलेली गोधडी. सांबऱ्यात आणि आसपासच्या चार गावांत बायाक्काच्या हातची वाकळ नाही असं घर सापडायचं नाही. त्यामुळं गावातल्या प्रत्येक कापडावर तिचा डोळा. आमच्या ह्यांचं धोतर दांडीवर वाळत असलं की ही येऊन बोट घालून बघणार आणि ओरडून सांगणार, "चंद्रे, इरलंय हे. काढ त्येच्या अंगातनं!" शेवटी हे बिचारे धोतर घरात वाळवायला लागले.

सकाळी सारवलेल्या अंगणात ती कापडं पसरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायची आणि कडेनं शिवत शिवत आत सरकायची. गोल गोल फिरत वाकळीच्या मधोमध येऊन पोचली की काम झालं. फक्त एक कोपरा तेवढा उघडा ठेवायची. त्यात वाळल्या भाकरीचा तुकडा सारायचा आणि मग तो शिवून बंद करायचा. "वाकळीचं पोट भराय पायजे," म्हणायची. "उपाशी वाकळ माणसाची झोप खाती."

आणि टाका चुकला की एकच शब्द, "उसव!" तो शब्द तिच्या तोंडात इतका बसला होता की टाक्यापुरता राहिलाच नाही. आमटी खारट झाली, उसव. पाटलांनी भिंत बांधली, जरा कलली, "उसवा ती." लढाईच्या दिवसांत आमच्या माळावर विमानं उतरवायला सरकारनं जमिनी घेतल्या, तेव्हा अख्खा गाव गप्प होता. ही विमानांकडं बघून म्हणाली, "ह्या सायबाला कुणीतरी उसवाय पायजे."

तिच्याबरोबर बाहेर पडणं म्हणजे शिक्षा. शनिवारी बेळगावच्या बाजाराला आम्ही मिळून जायचो. मी भाजी घेईपर्यंत ही शिंप्यांच्या दुकानात मशीनखाली बसून चिंध्या वेचत असायची. शिंपी आधी हाकलायचे, मग दमले. एकदा गाडी जुंपून यल्लमाच्या डोंगराला गेलो, तर तिथं हरवली! सगळी जत्रा पालथी घातली. सापडली कुठं? धारवाडकडच्या एका बाईच्या मागं मागं फिरत होती, तिच्या खणावरची नक्षी बघत. मी संतापून म्हटलं, "आक्का, इतक्या लांब आलीस, देवीकडं तरी बघितलंस का?"

"बघितलं की. नवं कोरं लुगडं हुतं देवीचं," बायाक्का म्हणाली. "आपल्या काय उपेगाचं न्हाय."

हे सगळं हसण्यावारी न्यायचं. पण बाई आतून एकटी. ऐन विशीत नवरा गेला, तेव्हा पोर पोटात होतं. तोच परशा. त्याला तिनं सुईच्या जोरावर वाढवलं आणि लग्न करून दिलं. सून आणली गुंजी गावची, शेवंता. आई लहानपणीच वारलेली, चुलत्याच्या घरी उष्टीखरकटी काढत वाढलेली पोर. रंगानं सावळी, कामाला वाघ. फक्त एक खोट होती. डावरी होती.

सुई डाव्या हातात! बायाक्कानं कपाळावर हात मारून घेतला. उजव्या हाताची माणसं वाकळ ज्या बाजूनं शिवत जातात, त्याच्या उलट्या बाजूनं ही निघायची. एकीकडनं सासू, दुसरीकडनं सून, आणि कोपऱ्यावर दोघींची टक्कर.

"उसव!" सासू ओरडायची.

"तुमीच उसवा की आत्या, मी आदी आलो," सून म्हणायची.

परशा कट्ट्यावर बसून पोट धरून हसायचा. आम्ही आपल्या परड्यातनं ऐकायचो. त्या घरात इतकं हसू त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

परशा पलटणीत भरती झाला, बोटीत बसून लढाईवर गेला आणि परत आला नाही. त्याच्याच कंपूतला एक गडी येऊन पाटलांच्या सोप्यावर सांगून गेला. बायाक्का रडली नाही. सुई दोऱ्याच्या गुंडीत खुपसून फळीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. शेवंतानं तिला उठवावं, न्हाऊ घालावं, घास भरवावा. माघारी ये म्हणून चुलत्याचा निरोप आला तरी पोर हलली नाही. "आत्याला टाकून कुठं जाऊ?" म्हणाली. गावानं तोंडभरून कौतुक केलं. सून असावी तर अशी!

आणि एके दिवशी बायाक्का उठली ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच. भाकरी जाड, पाणी सांडतीस, चुलीत फुंकर घालाय येत न्हाय. डाव्या हाताची अवदसा. रोज, उठता बसता. गाव थक्क झाला. दुःखानं डोकं फिरलं, म्हणाले. मी पण सोसलं, सोसलं. मग एक दिवस भिंतीपलीकडनं ऐकलं, "माझा ल्योक खाल्लास गं, आता मला खायाला बसलीयास!" शेवंता घागर घेऊन ओढ्याला गेली तशी मी पदर खोचून आत शिरले.

"आक्का, लाज वाटत न्हाय? ज्या पोरीनं तुला जगवलं तिला असं बोलतीस? तुझ्या जिभेला काय हाड?"

वाटलं, आता माझ्यावर उलटणार. पण बायाक्का हळूच म्हणाली, "हळू बोल. ऐकंल ती."

आणि मग बोलली. सगळं तसंच्या तसं सांगते. "चंद्रे, माझा दाल्ला गेला तवा माझा बा मला न्ह्यायला आलता. दुसरं घर बगितलं हुतं त्येनं माझ्यासाटनं. पन माझी सासू लई गोड गं. पोटच्या लेकीवानी वागवलंन मला. तिच्या गोडीत मी बसून ऱ्हायलो. ती मेली, मी ऱ्हायलो. आता हितं भिताडाकडं बगत बसलोय. ह्या पोरीचं वय काय? मी गोड ऱ्हायलो तर ही मरूस्तवर जायाची न्हाय."

मी तिच्याजवळ सरकले. "अगं पण खरं सांग की तिला," म्हटलं.

"खरं सांगितलं तर मग हालतीया व्हय! गळ्यात पडंल माझ्या. तू बी बोलू नगंस. तुला परशाची आन हाय."

त्या दिवसापासनं शनिवारच्या बाजारात बायाक्का कापडं बघायची बंद झाली. माणसं बघायला लागली. बाप्यांना थांबवून सरळ विचारायची, "बायकू हाय का रं तुला?" मी लाजेनं अर्धी व्हायची! एक दोघांनी शिव्या दिल्या. शेवटी तिला काकतीचा भरमू सापडला. गुळाचा धंदा, बायको वारलेली, आणि खांद्यावर लहान पोर. पोरीच्या झग्याला ठिगळ लावलेलं होतं. बायाक्कानं ते उलटून पालटून बघितलं. "कुनी लावलं?"

"मीच की," भरमू म्हणाला. "आईला आता सुई दिसत न्हाय."

परत येताना बायाक्का वेस आली तशी म्हणाली, "टाकं वाकडं हायत. पन घट हायत. ह्येच्या घरी पोर सुखानं ऱ्हाईल."

शेवंताच्या चुलत्याला तिनंच निरोप धाडला. आमच्याकडं विधवेचा पाट लावतात, दुसरं लग्न करून देतात, त्यात वावगं काही नाही. पण सासूच पुढं होऊन सुनेचा पाट जमवते हे कधी ऐकलं नव्हतं. चुलता गाडी घेऊन आला, गल्ली गोळा झाली. बायाक्का दारात उभी. "न्हेवा हिला," म्हणाली. "मला ह्या डावरीचं त्वांड बगायचं न्हाय." घरात एक नवी शिवलेली वाकळ होती, ती तिनं गाडीत भिरकावली. "ही बी न्हे. हिच्यात तुजा हात लागलाय."

शेवंता कुणाशी बोलली नाही, मागं वळून बघितलं नाही. गाडी वळली आणि बायाक्कानं दार लावून घेतलं. बायकांनी दारावर थुंकायचंच बाकी ठेवलं. आणि मी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! परशाची आण घातली होती.

काकतीत पाट लागला. पोर नांदते, बरी आहे, असं बाजारात कानावर यायचं. बायाक्का ते ऐकून त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची.

मग श्रावण आला. पंचमी जवळ आली. गल्लीतल्या लेकी आणायला घराघरातनं मुराळी निघाले, कुणाचा भाऊ, कुणाचा बाप. झाडांना झोपाळे बांधले. बायाक्का माझ्या चुलीपाशी येऊन बसली. "चंद्रे, तिला न्ह्यायला कोन येनार गं?"

"चुलता येईल की."

"त्यो? त्यानं ववाळून टाकलीया तिला. पंचमीला समद्या पोरी म्हायेरला जातील आन ती त्या घरात एकटीच भांडी घासत बसंल." मग म्हणाली, "मी जातो."

"आक्का! तू पहिल्या नवऱ्याची आई. नव्या सासरी तुझं पाऊल चालंल का? आणि पोरीला तू जे बोललीस..."

"म्हनून तर तुला संगं न्हेतो."

झालं. कोण ऐकणार? पहाटे गाडीनं बेळगाव गाठलं आणि तिथनं पुण्याच्या रस्त्यानं काकतीपर्यंत चालत. पावसाची भुरभुर होती, मध्येच ऊन. बायाक्कानं वाटेत घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. ओठ पांढरे पडले होते. गावाच्या वेशीत पार होता, त्यावर बसली आणि म्हणाली, "हितनं म्होरं मी येत न्हाय. अपशकून नगं. तू जा. तिला धाडत असतील तर घेऊन ये. न्हाय म्हनलं तर उलटं फिरू."

मी भरमूचं घर विचारत गेले. भरमूची आई सोप्यातच बसली होती, उंचीपुरी, कडक चेहऱ्याची म्हातारी. मी म्हटलं, "शेवंताला पंचमीला न्यायला आलेय. सांबऱ्याहून. बायाक्काकडनं."

म्हातारीचा चेहरा आवळला. आतनं शेवंता आली, भरमूची पोर तिच्या पदराला धरून. "कुठं हाय आत्या?"

"वेशीत बसलीय," मी म्हटलं. "बोलणार असशील तर..."

"चंद्राक्का," ती म्हणाली, "हितं आलो तवा आठ दिसांत वाकळीला मुंग्या लागल्या. घर झाडलं, वाकळ झाडली, मुंग्या काय जाईनात. शेवटी कोपरा उसवला. आत काय असावं? पुरनपोळी."

परशा गेल्यापासनं त्या घरात चुलीवर गोड चढलं नव्हतं. अख्ख्या मुलखाच्या वाकळीत वाळली भाकरी घालणारी बाई, आणि हिच्या वाकळीत पुरणपोळी घातली. मुंग्या लागतील एवढं साधं सुचलं नाही तिला!

"जिला माझं त्वांड बगायचं न्हवतं ती बाय माझ्यासाटनं पुरान वाटत बसली," शेवंता म्हणाली. "तवा कळलं मला समदं. ह्या आत्यांस्नी बी दावला त्यो तुकडा." आणि सासूकडं बघितलं.

म्हातारी उठली, रांजणातनं तांब्या भरून घेतला आणि बाहेर पडली. आम्ही दोघी मागं मागं. माझ्या मनात आलं, आता ही चार लोकांत बायाक्काला घालवून देणार.

पारापाशी जाऊन म्हातारी थांबली. म्हणाली, "इहीनबाई, सोयऱ्याचं घर सोडून वेशीत बसत्यात व्हय? पानी घ्या."

इहीणबाई. मुलीच्या आईला म्हणतात तसं. बायाक्का खाली उतरली. डोक्यावरनं पदर घेतला, मुलीकडच्या बाईनं घ्यावा तसा नीट कपाळापर्यंत. तांब्याकडं बघितलं. घसा सुकला होता. मग हात जोडून म्हणाली, "न्हाय बाई. लेकीला मूल हुईस्तवर लेकीच्या घरचं पानी आईला चालत न्हाय."

शेवंता तिथंच उभी राहून हमसून हमसून रडायला लागली. माझंही तेच. म्हातारीनं घटकाभर बायाक्काकडं बघितलं. "बराबर हाय," म्हणाली. मग तांब्यातलं पाणी पाराला ओतलं आणि शेजारच्या दाराकडं तोंड करून हाक दिली, "अगं, पानी आना कुनीतरी तुमच्या घरातलं! आमच्या सुनेची आई आलीया."

दुसऱ्या घरातनं पाणी आलं. बायाक्का ते घटाघटा प्याली, तोंड पुसलं आणि मग लेकीला जवळ घेतलं.