हरभऱ्याएवढा नमुना

आपल्याकडे माणूस माणसाला भेटला की रामराम करतो, फार तर तंबाखूची चंची पुढे करतो. महालिंगप्पा रिकामी काडेपेटी पुढे करायचे.

"उद्या सकाळी," एखादं चांगलं स्थळ सुचवावं तसा आवाज खाली आणून ते म्हणायचे, "हरभऱ्याएवढा पुरे. जास्त आग्रह न्हाई."

घेणारा आधी काडेपेटी उघडून बघायचा. आत काडी नाही. मग अप्पांच्या तोंडाकडे बघायचा. मग काय मागितलंय हे त्याच्या डोक्यात शिरायचं आणि तो काडेपेटी दोन बोटांच्या टोकावर धरून निघून जायचा. अजून ती भरलेली नसायची, तरी.

अप्पा आमच्या आरोग्य केंद्रातले लॅबवाले. लोकांच्या विष्ठेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि पोटात जंत आहेत का ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. मी तिथला कारकून. अहमदपूरहून एसटीनं तासभर आलं की तलावाकाठी आमचं केंद्र. लातूर जिल्हा नवाकोरा होता. इतका नवा, की आमच्या शिक्क्यावर अजून 'उस्मानाबाद' होतं. शिक्का मारून मी ते पेनानं खोडायचो आणि वर 'लातूर' लिहायचो. एका खोलीत दोन टेबलं: एकावर मी जिल्हा बदलत बसलेला, दुसऱ्यावर अप्पा एक डोळा मिटून.

जंतांना अप्पा जंत म्हणत नसत. 'पाव्हणे' म्हणत. "घरात पाव्हणे हायत का बघू," असं म्हणून भिंगाला डोळा लावायचे आणि सापडले की ओरडायचे, "या, या! बाबूसाहेब, आले बघा. आकडेवाले हायत. पायानं आत येत्यात, आतड्याला आकडा लावून बसत्यात अन् रगत पित्यात. जा म्हणायची सोय न्हाई!"

मला पाव्हणे बघण्याची हौस नव्हती. दुपारी चारला अप्पा स्टोव्हवर चहा ठेवायचे आणि रोज विचारायचे, "बाबूसाहेब, घोटभर?" मी रोज सांगायचो, "आत्ताच झाला की अप्पा." कुठं झाला, कधी झाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. डॉक्टरांचाही आत्ताच झालेला असायचा, शिपायाचाही. त्या केंद्रात चारच्या आधी इतका चहा कसा काय व्हायचा, हे कोडंच होतं. अप्पा दिवसातून वीस वेळा साबणानं हात धुवायचे. पण लोकांच्या मनातला हात काही धुतला जात नव्हता.

लग्न का नाही केलं, हे एकदा मी विचारलं होतं. म्हणाले, "उदगीरला भावांनी चार ठिकाणी बघायला नेलं. मुलीचा बाप विचारायचा, काय काम करता?"

"मग?"

"मग म्या सांगायचो की. नीट समजावून. हरभऱ्याएवढा म्हणजे केवढा, तेबी."

तर त्या सालचा दुष्काळ. तलाव आटत आटत मध्यावर गेला होता. पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात तलावाकाठच्या वस्तीवरची माणसं वाळकं, काकड्या लावायची. गाळपेर म्हणतात त्याला. दिवसभर अनवाणी पायांनी त्या चिखलात राबायचं आणि पाणी तिथंच म्हणून परसाकडंही तिथंच. अप्पा बांधावर उभे राहून कपाळ बडवायचे. "पाव्हण्यांची धर्मशाळा उघडलीय यांनी!"

पण मोठी माणसं ऐकायला तयार नव्हती. जंत लेकरांना होतात, मिशावाल्या बाप्याला कशाला होतील? शाळेतल्या पोरांच्या काडेपेट्या भराभर यायच्या. थोरांची एकही नाही.

अप्पांचा जीव अडकला होता मालनबाईत. वस्तीवरची ही बाई वाळकांची पाटी घेऊन केंद्राच्या फाटकाशी बसायची. चेहरा चुन्यानं सारवल्यासारखा पांढरा. चार पावलं चालली की धाप. आणि पदराच्या गाठीला मातीची ढेकळं. येता-जाता तोंडात टाकायची. अप्पांनी मला बाजूला घेतलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात नाटक नव्हतं.

"बाबूसाहेब, ही बाई माती खाऊन राहिली. अंगात रगतच न्हाई. औषिद मिळालं न्हाई तर पाऊसकाळ बघायची न्हाई. अन् मोठ्या माणसाचा नमुना बघितल्याबिगर डॉक्टर गोळ्या देत न्हाईत."

"मग मागा की काडेपेटीत."

"तीनदा मागितला. तिसऱ्यांदा तिनं वाळूक फेकून मारलं."

शेवटी अप्पांनी कोतवालाला गाठलं आणि हलगी वाजवून दवंडी दिली: 'तलावाकाठच्या समद्या बाप्यांनी अन् बायांनी उद्या सकाळी काडेपेटीत आपापला नमुना घेऊन दवाखान्यात यावं होऽऽ!'

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं ते असं. फाटकापासून पिंपळापर्यंत रांग. धुतलेली धोतरं, डोईवर पदर, प्रत्येकाच्या हातात काडेपेटी, आणि तोंडावर लाजेचा लवलेश नाही. अप्पांचे डोळे भरून आले. टेबलावर त्यांनी स्वच्छ फडकं अंथरलं, पहिल्या म्हाताऱ्याची काडेपेटी अलगद उघडली आणि आतून सोळा घड्या घातलेला कागद काढला.

सात-बारा.

दुसरीत आठ-अ. तिसरीत पुन्हा सात-बारा, तलाठ्याच्या सहीचा.

आमच्याकडे 'नमुना' म्हटलं की तलाठ्याकडचा कागद. गाव नमुना सात-बारा, गाव नमुना आठ-अ. त्यात दुष्काळ, त्यात नवा जिल्हा. नव्या जिल्ह्याचा साहेब मदत वाटणार म्हणून वस्तीभर हूल उठली होती. लोकांनी आदल्या सांजेला तलाठ्याला घेरून दप्तर उघडायला लावलं होतं. काडेपेटीत कशाला, असं कुणी विचारलं नाही. सरकारचं कशाला काय असतं!

"अप्पा," म्हातारा म्हणाला, "धा एकर कोरडवाहू हाय. भिंगातून बघितलं तर वाढंल का?"

मी हसून हसून टेबलाखाली गेलो. अप्पा मात्र एकेक सात-बारा घडी घालून परत देत होते. रांग शिव्या देत पांगली आणि सगळ्यात शेवटी मालनबाई उरली. रिकामी काडेपेटी घेऊन.

"माज्या नावावर कायबी न्हाई," ती खाली बघत म्हणाली. "गाळपेर सरकारी जमिनीत हाय. माज्यापाशी नमुना न्हाई. मला काय मिळायचं न्हाई का?"

अप्पा उठून उभे राहिले. "माय, ह्या समद्यांत खरा नमुना तुज्यापाशीच हाय! कागुद नगं. हरभऱ्याएवढा... जास्त आग्रह न्हाई."

या खेपेला तिनं वाळूक मारलं नाही. कदाचित 'तुझ्यापाशी आहे' असं तिला कुणी कधी म्हटलं नसावं. पदर तोंडाला लावून ती गेली.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या खिडकीत काडेपेटी होती. अप्पांनी भिंगाला डोळा लावला आणि ओरडलेच नाहीत. नुसते म्हणाले, "किती ग माय. किती पाव्हणे पोसत व्हतीस."

पुढं गोळ्या झाल्या, रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या. अप्पांनी स्वतःच्या जुन्या वहाणा तिला नेऊन दिल्या. त्या गाळात रुतायच्या. बाई पुढं, वहाणा मागं. अप्पा बांधावरून ओरडायचे, "रुतू दे! पाय काढू नगंस!" दोन-तीन महिन्यांत पदराच्या गाठीची माती गेली. मालनबाई फाटकाशी वाळकाच्या भावावरून भांडायला लागली. अप्पा म्हणाले, "गुण आला."

आणि मग एका सकाळी खिडकीत पुन्हा काडेपेटी. अप्पांनी सवयीनं तिच्यावर नंबर टाकला, काचपट्टी पुसली, काडेपेटी उघडली आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं अप्पा?"

त्यांनी काडेपेटी माझ्यापुढे सरकवली. आत कुंकू लावलेले तांदूळ होते. मालनबाईच्या लेकीच्या लग्नाची अक्षत.

"आवतन हाय," अप्पा म्हणाले. "चुकून आलं का बघा. तुमाला असंल."

लग्न दुष्काळातलं, तलावाच्या बांधावर मांडव, वरण-भात आणि एक घमेलं बुंदी. अप्पा इस्त्रीचे कपडे घालून मांडवाच्या खांबाला टेकून उभे. पंगत बसली, वाढायला माणसं कमी पडली. मालनबाईनं तरातरा येऊन बुंदीचं घमेलं अप्पांच्या हातात दिलं. "उभं काय राहिलाव? वाढा!"

पंगतीची कुजबुज थांबली. पहिल्याच म्हाताऱ्यानं, तोच धा एकरवाला, पत्रावळीवर हात आडवा धरला. "नगं नगं. पोट भरलंय." अजून भातही आला नव्हता. शेजारच्याचंही पोट भरलेलं. अप्पा घमेलं घेऊन पुढं सरकेनात, मागं फिरेनात.

नवरीची आई कधी पहिल्या पंगतीला बसत नाही. मालनबाई बसली. म्हाताऱ्याला कोपरानं सरकवून तिनं जागा केली आणि पत्रावळ उचलून समोर धरली.

"वाढा अप्पा," ती मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अन् हरभऱ्याएवढं नका वाढू."

अप्पांनी वाढलं. भरल्या मुठीतली बुंदी पत्रावळीबाहेर सांडली. तिनं ती वेचून खाल्ली. पंगतीत पाचवा मी होतो. चहा आत्ताच झालाय म्हणणारा. माझ्यापर्यंत ते आले तेव्हा मी पत्रावळ पुढं केली आणि वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला स्टोव्ह फरफरला. अप्पांनी रोजच्यासारखं विचारलं, रोजच्यासारखं उत्तर येणार म्हणून पाठ फिरवूनच. "बाबूसाहेब, घोटभर?"

"ठेवा की माझाही," मी म्हणालो.

ते वळले. हातात चमचा तसाच.

"साखर?" त्यांनी विचारलं. "साखर किती लागती तुमाला?"

सहा वर्षं आम्ही एका खोलीत बसत होतो.