मुखव्रण निर्मूलन समिती

"हे कोणी मानत नाही, पन खरं हाय," असे करडी गावच्या भैयाजींनी आपल्या अंगणात बजावले आणि सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी चोळत सुरुवात केली. समोर शेजारी बसले होते. दारात बाळंतपणाला आलेली मुलगी रुपा, मांडीवर तान्हा नातू.

भैयाजींच्या तोंडाला फोड येत, जात, पुन्हा येत. गावाने निदान केले: उष्णता. दही झाले, तुरटी झाली, कोणाच्या घरी उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही झाल्या. शेवटी भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा विषाणू आहे, त्याला या गोळ्यांची ओळखही नाही. त्याची गोळी वेगळी; फोड उठू लागताच घ्यायची. उष्टे कोणाला द्यायचे नाही, खर्रा सोडायचा, बरे वाटले नाही तर पुन्हा तपासून घ्यायचे. आणि फोड सुकेपर्यंत बाळाचा मुका मुळीच नाही. तान्ह्याच्या जिवावर बेतते.

इतक्या साध्या गोष्टीला अर्थातच समिती लागली. अनुभवी म्हणून अध्यक्षपद रुग्णाकडेच आले. बैठकीस चहाची तरतूद नव्हती, सबब एकच पन्नी फिरली. प्रत्येकाने चिमूट उचलली, बोटे चाटली, पन्नी पुढे सरकवली. पुढच्या बैठकीपर्यंत सर्व सदस्य अनुभवी झाले. त्यानंतरच्या बैठकीत कोणालाच तोंड उघडवेना, त्यामुळे सगळे ठराव बिनविरोध संमत झाले. समितीच्या चौकशीला आलेले सरकारी साहेब ही शिस्त पाहून भारावले आणि गावाला 'आदर्श शांतताग्राम' ठरवून गेले. जाताना पाहुणचार म्हणून त्यांनाही चिमूटभर खर्रा देण्यात आला. तेव्हापासून त्यांच्या कार्यालयातही कोणी कोणाला उलट बोलत नाही.

"मंग म्या खर्रा सोडला," भैयाजींनी समारोप केला. "साऱ्या गावानं सोडला. फोड सफा. आन वं रुपा, नातू दे माह्याजवळ. एक मुका घेतो."

श्रोत्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. हरकत कोणीच घेतली नाही. हरकतीसाठी तोंड रिकामे लागते, आणि गोष्ट रंगात असतानाच पन्नी सगळ्यांच्या हातून फिरून आली होती.

रुपाने बाळाच्या तोंडावर पदर ओढला.

"खोटं बोलता, बाबा. सोडला त गालात काय दाबून ठेवलं? अन् हे सारे कायले माना हालवून राहिले?"