दह्याला माकडटोपी

कमलबाईंच्या घरात सलग दोन दिवस दही लागलं नव्हतं, आणि आज दुपारी धुळ्याचे जावई हितेंद्रराव जेवायला येणार होते. मागच्या खेपेला वाटीतल्या पातळ दह्याकडे बघून ते म्हणाले होते, "सासूबाई, हे खायचं की प्यायचं?" तेव्हापासून कमलबाईंची झोप उडाली होती.

त्यात यंदा अमळनेरला थंडी अशी पडली, की कोंबडा पहाटे तोंड उघडायचा आणि आवाज नाश्त्याला यायचा.

"दोन दिवस विरजण देतेय तुला," शेजारच्या रहिमाबी ओट्यावरून ओरडल्या. "तुझ्या दुधात पोहून पोहून थकलं बिचारं! ऊब दे गं त्याला, ऊब!"

मग कमलबाईंनी सकाळीच कोमट दुधात तिसरं विरजण घातलं. डब्याला झाकण लावलं, त्यावर नवऱ्याची माकडटोपी चढवली, चार महिन्यांच्या नातवाची दोन दुपटी गुंडाळली आणि अंगणातल्या खाटेवर, उन्हात, उशीला टेकवून डबा ठेवला. सून पुनम बाळाला डोस द्यायला दवाखान्यात गेली, आणि कमलबाई चुलीकडे वळल्या.

तेवढ्यात पुनमचे आजोबा, सुकदेव आबा, चोपड्याच्या बसमधून उतरून थेट अंगणात आले. पणतू बघायला. आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं.

कमलबाई लाटणं घेऊनच बाहेर धावल्या, तर डबा आबांच्या खांद्यावर, आणि आबा त्याची पाठ थोपटताहेत.

"आबा! अहो, ते..."

"शू! झोपेल शे. वजन तं दखा! बठ्ठा मन्हावर जायेल शे." पणतू सगळा आपल्यावरच गेलाय, म्हणून आबांचे डोळे भरून आले. टोपीवरून त्यांनी तीन मुके घेतले.

आता सुनेच्या माहेरच्या म्हाताऱ्या माणसाला, तुम्ही डब्याचे मुके घेतलेत, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? तोवर आबांच्या कोटावरून पांढरा ओघळ आला.

"दूध काढं!" आबा खूश. "पोट भरेल शे पोऱ्यानं!"

रहिमाबी तोंडात पदर कोंबून घरात पळाल्या.

"हलवू नका हो आबा," कमलबाई रडकुंडीला आल्या. "हलला की बिघडतो तो."

"मंग हालत नई." आबा मांडी घालून बसले, डबा कुशीत घेतला, वरून घोंगडी ओढली आणि घोरू लागले. घोरण्याने खाट चार बोटं पुढे सरकली, पण कूस काही हलली नाही. तीन तास कमलबाई कावळे हाकत उभ्या.

दुपारी हितेंद्रराव आले. "हे कोण?"

"पुनमचे आजोबा. पणतूला घेऊन झोपलेत. हळू बोला."

जावई हात धुवायला गेले, तशी कमलबाईंनी घोंगडीखालून डबा अलगद काढला आणि तिथे उशी सरकवली. झाकण उघडलं, तर दही असं लागलेलं, की त्यात डाव उभा राहिला. ओसरीवर हितेंद्ररावांनी वाटी उलटी करून पाहिली. दही वाटीला धरून बसलं.

"हरलो, सासूबाई," तिसरी वाटी चाटून ते म्हणाले. "लावलं कसं एवढं?"

तेवढ्यात पुनम आली. सुई टोचल्याने बाळ भोकाड पसरून रडत होतं. तिने ते आबांच्या मांडीवर ठेवलं. आबा दचकून उठले.

"हाऊ कोना शे?"

"तुमचा पणतू, आबा!"

"नई वं माय. मन्हा रडे नई."

हितेंद्ररावांचा चमचा तोंडाशीच थांबला. "हा जर पणतू, तर मघाशी आबांच्या कुशीत कोण होतं?"

कमलबाईंनी चौथी वाटी काठोकाठ भरली.

"आधी खाऊन घ्या," त्या म्हणाल्या, "मग सांगते."