लिफ्टमधला नवा डबा

भावोजी दोन पाळ्या ओढून लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा त्यांना जगात एकच गोष्ट हवी होती : सातव्या मजल्यावरची आपली उशी. बायकोचं माहेर याच इमारतीतलं, म्हणून ते सगळ्या इमारतीचे भावोजी. त्यात नोकरी वीज साठवायच्या वस्तूंच्या कारखान्यात! मग काय, वीज गेली की लिफ्ट अडकू नये म्हणून नवा डबा बसवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

डबा बसला, पण अध्यक्षकाकांच्या डोक्यात काही बसेना. प्रत्येक बैठकीत भावोजी घसा कोरडा करत. "काका, बॅटरीत वीज भरपूर मावते, पण ती सावकाश भरते आणि लवकर म्हातारी होते. सुपरकपॅसिटर झटक्यात भरतो, झटक्यात देतो, पण साठा इवलासा, तोही पडल्या पडल्या गळून जातो. आपला हा संकरित लिथियम कपॅसिटर, दोघांच्या मधला. साठा बेताचा, पण धरून ठेवतो, जोर दणकून लावतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. वीज गेली की लिफ्ट खालच्या मजल्यावर आणणार, दार उघडणार. बस्स."

"म्हणजे बॅटरीच ना?" काका विचारायचे.

आज काका खाली दिसले नाहीत, म्हणून भावोजींना हायसं वाटलं. सहावा मजला जवळ आला आणि फट्कन दिवा गेला. लिफ्ट थांबली. अंधार, शांतता! भावोजींनी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. अडकलो तर अडकलो, झोप तरी होईल.

पण डबा चोख निघाला मेला. लिफ्ट अलगद पाचव्यावर उतरली, दार उघडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर टॉर्च घेतलेले अध्यक्षकाका आणि शेजारच्या इमारतीची अख्खी समिती. जिन्याच्या तोंडाशी खुर्च्या मांडलेल्या.

"बघा, म्हटलं नव्हतं? लिफ्टने पाचवा ओलांडताच मेन स्विच मीच पाडायला लावला! या भावोजी, पाहुण्यांना पहिल्यापासून सांगा."

भावोजींनी दार बंद करायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग अंगठ्याने दाबून धरलं.

"नाही व्हायचं ते," काका अभिमानाने म्हणाले. "साठा बेताचा असतो. खाली आणून दार उघडण्यापुरता. तुम्हीच शिकवलंत की!"

भावोजींचे डोळे भरून आले. इतक्या बैठकांनंतर काकांना समजलं होतं, आणि तेही आजच.

मागच्या खुर्चीतल्या पाहुण्यांनी हात वर केला. "म्हणजे बॅटरीच ना?"

भावोजी मुकाट्याने लिफ्टमधून बाहेर आले आणि त्यांनी एक खुर्ची ओढून घेतली.