कमलताईंच्या दोन रायफली

कमलताई पाच गोळ्या झाडायच्या आणि रायफल खोलायच्या. सुटे भाग चटईवर ओळीने मांडायच्या, पुन्हा जोडायच्या आणि मग पुढच्या पाच. तोवर नेमबाजीच्या रेंजवरचे बाकीचे ताटकळत. कुणी कुरकुरलं की ताई म्हणायच्या, "खोलून जोडली तरी नेम हलत नाही म्हणतात ना? मग सिद्ध करू दे!"

नव्वदच्या आसपासची, बर्मिंगहॅममधली गोष्ट. ताई माझ्या शेजारी राहायच्या. मूळच्या नागपूरच्या, तेहेतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात नर्स. रिटायर झाल्यावर रविवारी सकाळी बुद्धवंदना आणि दुपारी रायफल क्लब. "ताई, अहिंसेचं काय?" असं मी एकदाच विचारलं.

"कागदाला मारते मी. कागदाला दुखतं? सिद्ध कर."

क्लबचे सेक्रेटरी मिस्टर लँबर्ट. त्यांच्या मते रायफल म्हणजे लांब, जड आणि अखंड. पण पेशंट उचलून उचलून ताईंचा खांदा गेलेला, आणि क्लबला जायला दोन बस. "कोणीतरी जंटलमन उचलेल तुमची," लँबर्ट म्हणाले. झालं! त्याच दिवशी ताईंनी जाहीर केलं, की खोलून पिशवीत मावेल अशीच रायफल घेणार. जंगलात विमान पडलं तर वैमानिकाजवळ असावी म्हणून निघालेला हा प्रकार, सर्व्हायव्हल रायफल.

"दॅट्स अ टॉय, कमल!"

"प्रूव्ह इट, मिस्टर लँबर्ट!"

क्लबात दोघांकडे अशा रायफली होत्या. त्यांच्याच देखरेखीखाली चार रविवार मुकाबला चालला. लिहून घ्यायचं काम माझं. ताईंनी रायफलींना नावं दिली, थोरली आणि धाकटी. थोरली लाकडी दस्त्याची, मधून दोन तुकडे होणारी. धाकटी प्लास्टिकची, पिसासारखी. तिची नळीबिळी सगळी तिच्याच पोकळ दस्त्यात जायची. पाण्यावर तरंगते म्हणे. "कालव्यात टाकून बघू?" असं ताईंनी विचारताच मालकाने ती छातीशी धरली.

थोरली कितीदा खोला, गोळ्या तिथल्या तिथे. धाकटीचा नळीवरचा नट मात्र सारखा ढिला व्हायचा आणि गोळ्या डावीकडे भटकायच्या. लँबर्ट शेजारी पालथे पडून प्रत्येक भोकावर वाद घालायचे. "वारा होता!" "वारा तुमच्या डोक्यात होता!" चौथ्या रविवारी त्यांनी भोकांमधलं अंतर मोजायची पट्टी खाली ठेवली. थोरलीबद्दल म्हणाले, "नॉट क्वाइट अ टॉय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच.

पुढच्याच महिन्यात लँबर्टना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. ते क्लबात यायचे बंद झाले. कमिटीने निरोपाचं घड्याळ द्यायचं ठरवलं, वर्गणीसाठी डबा फिरवला. ताईंनी तो डबाच झाकला. "माणूस जिवंत आहे. घड्याळ कसलं देताय?"

"ही कान्ट शूट एनी मोअर, कमल."

"कुणी बघितलंय? आणा त्याला रेंजवर, मग बोला."

रायफलीच्या लायसन्सच्या चौकशीला पोलिस ताईंच्या घरी आला, तेव्हा मी तिथेच होतो. त्याने विचारलं, "सर्व्हायव्हल रायफल? कशातून जगून निघायचंय तुम्हाला?"

"जगून झालं माझं, रायफलीशिवाय. ही फक्त नेमबाजीला. चहात साखर किती?"

परवाना मिळाला आणि ताईंनी विकत घेतली धाकटी! मी चिडलोच. "ताई, चार रविवार काय उगाच लिहीत बसलो मी? थोरली जिंकली होती!"

"जिंकली. मला धाकटी हवी होती."

का, ते रविवारी कळलं. ताई टॅक्सीतून लँबर्टना घेऊन आल्या. त्यांना टेबलाशी बसवलं, पुढे वाळूची पिशवी ठेवली आणि डाव्या हातात धाकटी दिली. थोरली त्या हाताला पेलली नसती. पहिली गोळी कागदालाही लागली नाही. कमिटीवाले एकमेकांकडे बघायला लागले. ताईंनी नट आवळला. दुसरी गेली. पुन्हा आवळला. सहावी कागदाच्या कोपऱ्यात लागली.

"टॉय," लँबर्ट अडखळत पुटपुटले.

"टॉय चांगलंय. युवर एल्बो इज राँग!" ताई कडाडल्या, आणि दोघांची जुंपली ती रेंज बंद होईपर्यंत. घड्याळाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

लँबर्टना टॅक्सीत बसवून परतताना बसमध्ये मी म्हणालो, "ताई, एवढं तोडून बोलायचा तो माणूस तुम्हाला. आणि त्याच्यासाठी एवढा खटाटोप?"

ताईंनी तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून माझ्याशी कुणी भांडत नाही रे. मुलगा फोनवर 'येस आई, येस आई' करतो. तुम्ही सगळे 'हो ताई'. तोंडावर 'नो' म्हणणारा हा एकच उरलाय. तो घरात पडून राहिला, तर रविवारी मी जाऊ कुठे?"